गोणपाटावरची क्लच प्लेट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. तळोद्याच्या जीप स्टँडवर कुणालाही विचारा, तो सांगेल, मिस्तरी तोंडाचा फटकळ आहे पण शब्दाचा पक्का. ऐकायला बरं वाटतं. मीही मान हलवतो. आता तुमच्यासमोर बोलायला बसलोय तर चहा गार झाला तरी कप तोंडाला लावलेला नाही.

आधी क्लचचं सांगतो. तुम्ही म्हणाल, क्लचचं कशाला? पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही, आणि खोटं कशाला बोलू, तिथून सुरुवात केली की मला जरा धीर येतो. इंजिन फिरतं, ती ताकद चाकांकडे द्यायची किंवा तोडायची, हे क्लचचं काम. मधे ताटलीएवढी एक प्लेट असते. ती घट्ट धरलेली असली की गाडी ओढते, पेडल दाबलं की सुटते. ती घसरायला लागली की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. का घसरते? बहुतेकदा दोनच कारणं. एक, ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतो — प्लेट धड धरतही नाही, धड सुटतही नाही, घासून घासून जळते. दुसरं, इंजिनच्या मागच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, तेल झिरपतं आणि प्लेटवर उडतं. तेलकट हातानं बरणीचं झाकण फिरवून बघा, तसंच ते. पहिल्यात दोष ड्रायव्हरचा. दुसऱ्यात, सील नुकतंच बसवलेलं असेल तर, मिस्तरीचा.

आणि ओळखणं काही अवघड नाही. पायानं जाळलेली प्लेट कोरडी असते, झिजून रिव्हेटला टेकलेली. तेलाची प्लेट काळी, चकचकीत, बोटाला चिकट लागते. मी नुसत्या वासावर सांगतो. बढाई म्हणून नाही हं — बिचाऱ्याला कळलं नसेल, असं तुमच्या मनात येऊ नये म्हणून आधीच सांगतोय.

दिलवर पावरा. चांदसैलीच्या घाटापलीकडच्या एका पाड्यावरचा. स्टेअरिंग हातात धरलेला त्या पाड्यातला पहिला माणूस. आधी क्लीनर होता, मग बदली ड्रायव्हर, मग गोकुळ आप्पांची जीप त्याच्याकडे आली. आप्पा म्हणजे आमच्या स्टँडवरचे जुने गाडीमालक, भला माणूस, पण कानाचे हलके. दिलवर चपला सीटखाली ठेवायचा आणि अनवाणी पायानं गाडी चालवायचा. पोरं हसायची त्याला. तो म्हणायचा, चप्पल घातली की पेडल कुठं धरतं ते पायाला कळत नाही. मीसुद्धा हसायचो. एकदा मी त्याला म्हणालो होतो, अरे मग हातमोजे काढून जेवतोस का? तोही हसला. चिडवलं तरी राग न येणारा माणूस होता तो. असा माणूस लवकर सापडत नाही, आणि सापडला की त्याच्यावर सगळं ढकलता येतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. की होतं?

होळीच्या आधीचा आठवडा होता. तुम्हाला आमच्याकडची होळी माहीत नसेल तर सांगतो, वरच्या डोंगरातली माणसं मजुरीला गुजरातेत जिथं कुठं गेलेली असतात तिथून परत येतात, कोणी राहत नाही. भोंगऱ्याचे, म्हणजे होळीआधीचे, बाजार भरतात. ढोल, नवे कपडे, डाळ्या, गूळ — सगळं जीपमधून वर जातं, आणि माणसं जीपमधे, जीपवर, जीपला लटकून. वर्षभर डुलक्या घेणारा मालकसुद्धा त्या आठवड्यात गाडी उभी राहू देत नाही. आणि नेमकी तेव्हाच आप्पांच्या जीपच्या इंजिनमागून तेल गळायला लागलं. माझ्याकडे आणली. गिअरबॉक्स उतरवला, जुनं सील काढलं, नवं बसवायला घेतलं.

ते सील तिरकं बसलं.

थोडंसंच. नखाएवढं. पाइपच्या तुकड्यानं ठोकताना एका बाजूनं जास्त आत गेलं आणि त्याची ओठासारखी रबरी कड दुमडली. मला दिसली ती. बॅटरी लावून पाहिलं, म्हणजे नीटच दिसली. तसलं दुसरं सील तळोद्यात नव्हतं, नंदुरबारहून मागवावं लागलं असतं, गाडी आणखी एक दिवस पडली असती. आणि आप्पा माझ्या डोक्यावर उभे — मिस्तरी, कव्हय दिशी? कव्हय दिशी? माझाही पारा चढलेला. मी मनाशी म्हटलं, चालून जाईल. मिस्तरी लोक हे दोन शब्द रोज म्हणतात, आणि बऱ्याचदा खरंच चालून जातं. मी गिअरबॉक्स चढवून टाकला.

इथपर्यंत मी गुन्हेगार नाही, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. घाई कुणाची होत नाही? पण थांबा, पुढे ऐका.

दिलवर बाजाराच्या एक-दोन खेपा करून माझ्याकडे आला. गाडी दारात उभी केली, चपला हातात. म्हणाला, "मिस्तरी, गरम व्हयनी का गाडी चढी नई ऱ्हायनी. इंजिन वरडस नुसतं."

त्याच क्षणी मला कळलं. सांगतो ना, त्याच क्षणी. गरम झाल्यावर तेल पातळ होतं, दुमडलेल्या कडेतून झिरपतं, प्लेटवर जातं. आता यावर एक चाचणी असते, कुठलाही ड्रायव्हर तुम्हाला करून दाखवेल. हँडब्रेक ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरला टाकायची, आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन चालूच राहिलं तर घसरतोय. पण ही चाचणी गरम गाडीवर करायची असते. दिलवरला मी म्हटलं, बस, चहा घे, गाडी थंड होऊ दे, मग बघतो. आणि खरंच थंड होऊ दिली — मुद्दाम. बॉनेट उघडं ठेवलं, दुसऱ्याच गाडीत डोकं घालून बसलो. मग सगळ्यांसमोर चाचणी केली. इंजिन झटका देऊन बंद पडलं. स्टँडवरचे दोघं-तिघं बघत होते. मी हात पुसत म्हणालो, "काही नई व्हयेल. पाय उचलीसन चालव जरा."

दिलवरनं बॉनेट खाली घेतलं. मग म्हणाला, एकदा घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चला ना माझ्यासोबत, तिथं दाखवतो. मी गेलो नाही. मी त्याच्यावर ओरडलो — आता मला तू शिकवणार का? आवाज इतका मोठा होता की चहावालाही वळून बघू लागला. तुम्हीही ओळखलं असेल, माणूस उगाच एवढा कधी ओरडतो ते. दिलवरनं मान खाली घातली, चपला सीटखाली सरकवल्या आणि गेला.

मग जे व्हायचं ते झालं. भर दुपारी, ऊन तापलेलं, जीप खच्चून भरलेली. चांदसैलीच्या चढावर अवघड वळणाला क्लचनं मान टाकली. इंजिन बोंबलतंय आणि गाडी मागं यायला लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी — तो रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला पुढं सांगायची गरज नाही. ब्रेकवर एवढं ओझं थांबेना. लोकांनी उड्या मारल्या. एका म्हातारीनं उडी मारली, तिचा हात मनगटातून मोडला. दिलवरनं उडी मारली नाही. तो स्टेअरिंग डोंगराकडे वळवत राहिला, आणि मागचं चाक गटारीत घालून गाडी दगडावर टेकवली. आतमधे अजून बायका होत्या, लेकरं होती. त्यांना काही झालं नाही.

हे ज्या माणसानं केलं त्याच माणसाचं मी पुढं काय केलं, ते आता सांगायचंय. येतो, येतो त्याच्यावर.

आमच्या स्टँडवर एक रीत आहे. गाडीचं मोठं नुकसान झालं आणि मालक-ड्रायव्हरमधे दोष कुणाचा यावर वाद झाला, तर पोलीस नाही, पंच नाही. मिस्तरी गाडी उघडतो आणि खराब झालेला पार्ट गोणपाटावर ठेवतो. सगळे येऊन बघतात, हातात घेतात, एकमेकांना देतात. मग मिस्तरी सांगतो तो निकाल. त्यावर कोणी बोलत नाही. मालकही नाही. आता गाडी बिघडवणारा मीच, आणि निकाल देणाराही मीच. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, आप्पा, ह्या गाडीचं काम मीच केलंय, दुसऱ्या मिस्तरीला बोलवा. इतकं जरी म्हटलं असतं.

जीप ओढून माझ्या गॅरेजला आणली. मी दुपारच्या जेवणाच्या वेळी, सगळे पांगलेले असताना, शटर अर्धं ओढून गिअरबॉक्स खाली घेतला. आत तेलच तेल. प्लेट काळी, चकचकीत. सीलची कड तशीच दुमडलेली. मी जमिनीवर बसून राहिलो थोडा वेळ. बसून रडलो वगैरे असं सांगितलं तर तुम्हाला माझी कीव येईल, पण तसं काही नाही. मी विचार करत होतो की म्हातारीचा लेक बाहेर फिरतोय, आप्पा चिडलेले आहेत, आणि सीलची गोष्ट बाहेर आली तर ह्या गॅरेजला उद्यापासून कोण येईल? मी उठलो. पेट्रोलमधे बोळा भिजवून आतलं सगळं तेल पुसलं. प्लेट पेट्रोलनं धुतली, पुन्हा धुतली, पत्र्यावर उन्हात ठेवली. तशी ती घसरून घसरून आधीच करपलेली होती. वाळल्यावर कोरडी दिसायला लागली. बघणाऱ्याला जळकीच वाटावी अशी. मग मी सील बदललं, आधीच मागवून ठेवलं होतं मी ते, कुणाला न सांगता, आणि जुनं सील ऑइलच्या डब्यात तळाशी टाकलं. हात धुतले. जेवलो. हो, जेवलो.

संध्याकाळी गोणपाट अंथरलं. आप्पा आले, ड्रायव्हर लोक आले, म्हातारीचा लेक आला. दिलवर एका कडेला उभा होता, कपाळाला लागलेलं, त्यावर हळद लावलेली. प्लेट हातोहात फिरली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्तरी, तू सांगशी ते खरं. कोनी चूक शे?"

तोपर्यंत, सांगतो तुम्हाला, तोपर्यंतही वाट होती. माझ्या तोंडातून अजून काही गेलेलं नव्हतं. मी आप्पांना उत्तर न देता दिलवरकडे वळलो आणि विचारलं, तू पेडलवर पाय ठेवतोस की नाही? त्याला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर विचारलं. तो म्हणाला, वळणावर ठेवतो कधीकधी, थोडा. घाटात सगळेच ठेवतात. खरं होतं ते. तिथं उभा असलेला प्रत्येक ड्रायव्हर ठेवत होता, मीही ठेवतो. पण मी हात पसरून म्हणालो — "घ्या. तो स्वतःच सांगतोय."

बस्स. माझा निकाल एवढाच होता. बघा, मी खोटं वाक्य एकही बोललो नाही. कित्येक दिवस मी ह्याच्यावर स्वतःला समजावत राहिलो.

कुणीतरी हसलं, म्हणालं, अनवाणी पायाला काय कळणार पेडल. म्हातारीचा लेक अंगावर धावला, त्याला धरावं लागलं. दिलवरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल, मी आधीच सांगायला आलो होतो, तुम्हीच म्हणालात काही झालेलं नाही. तो तसं म्हणाला नाही. गोंधळून बघत राहिला, जसं न केलेल्या खोडीबद्दल शाळेत मास्तरांनी उभं केल्यावर मूल बघतं. मी प्लेट उचलून भंगाराच्या ढिगात टाकली. आप्पांनी गाडीची चावी मागून घेतली.

नाव पडायला आमच्याकडे वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो 'हाफ क्लच' झाला, पेडल अर्धं दाबून चालवणारा. स्टँडवर कोणी हाक मारताना दिलवर म्हणेना. धडगावकडेही हे नाव पोचलं, तिकडच्या मालकांनीही त्याला गाडी दिली नाही — हाफ क्लचला कोण देणार? काही दिवस तो स्टँडवर येऊन नुसता बसायचा, कुणी बदलीला बोलावेल म्हणून. मी गॅरेजमधून बघायचो. त्याला बघितलं की मी इंजिनमधे डोकं खाली घालायचो. मग तो यायचा बंद झाला. पावसाळा संपल्यावर कळलं, बायको-लेकरांना घेऊन गुजरातेत ऊस तोडायला गेला. स्टेअरिंगवरून उसाच्या फडात. मला हायसं वाटलं. मी हे लपवणार नाही, मला हायसं वाटलं, की आता तो रोज दिसणार नाही.

वर्षं गेली, माझं गॅरेज वाढलं. क्लचचं काम म्हटलं की लोक माझ्याकडेच येतात. गोणपाटावर पार्ट ठेवायला अजूनही मलाच बोलावतात, आणि मी जातो. त्या दिवसापासून मी सील बसवताना दहादा तपासतो. ह्याचं कौतुक करू नका.

आता मागच्या उन्हाळ्याचं. विसरवाडीला हायवेवर एक पिकअप बंद पडली म्हणून मला बोलावलं होतं. क्लचचीच तक्रार, दुसरं काय. ढाब्यासमोर काम चाललं होतं. शेजारी एक ट्रक कांद्याची पोती उतरवत होता. त्यातला एक हमाल पोतं टाकून माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसत जवळ आला. केस पांढरे झालेले. दिलवर.

त्यानं मला नमस्कार केला. माझ्यासाठी चहा सांगितला. घरच्यांची विचारपूस केली, आप्पा कसे आहेत म्हणून विचारलं. मी हो-नाही करत होतो. तेवढ्यात ढाब्याचा मालक ओरडला, गाडी रस्त्यातून बाजूला घ्या. माझे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले. काम झालंच होतं. मी म्हटलं, दिलवर, जरा चालू करून त्या झाडाखाली लाव रे. म्हणताना मला वाटलं, बघू दे त्याला स्टेअरिंग धरून. मला ते बघायचं होतं. त्यानं काय फिटणार होतं कोण जाणे.

तो दोन पावलं मागं सरकला. "नको मिस्तरी. मन्हा पाय जड शे. कोनी गाडी आते मी धरत नई."

मला आधी वाटलं, टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्या माणसानं ते खरं मानलं होतं. इतकी वर्षं, उसाच्या फडात, पोत्यांखाली, त्यानं तेच धरून ठेवलं होतं की ती जीप त्याच्या पायानं जळली. पहिल्या वळणापर्यंत चला म्हणणारा माणूस. माझ्याआधी ज्याच्या पायाला कळलं होतं, तो.

मग त्यानं आवाज खाली केला. म्हणाला, तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं, पाय उचलून चालव म्हणून. मी ऐकलं नाही. तुमचं काम चांगलं होतं, मी त्यावर बोट दाखवायला आलो होतो. त्या म्हातारीचा हात माझ्यामुळे मोडला. आणि हात जोडून म्हणाला, "माले माफ कर, मिस्तरी. मन्ही चूक व्हती."

तिथं दुसरं कोणी ऐकत नव्हतं. ट्रकचं इंजिन बंद होतं. आप्पा नाहीत, स्टँड नाही, म्हातारीचा लेक नाही, गॅरेजला कसला धोका नाही. फक्त तो आणि मी. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं.

मी त्याच्या खांद्यावर ग्रीसचा हात ठेवला. आणि म्हणालो, "जाऊ दे. व्हई जास." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला माफ केलं.